गुण वर जातात, वह्या शाळेतच राहतात

मावळातलं सुदुंबरे चाकण आणि तळेगाव या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधल्या पट्ट्यात येतं. संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी इथे आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळही इथेच आहे. कारखाने वाढत गेले तसा या पट्ट्यातल्या शाळांचा पटही बदलत गेला. एकाच वर्गात शेतकऱ्याचं मूल असतं, ठाकर-कातकरी वस्तीवरचं असतं, मराठवाड्यातून आलेल्या मजुराचं असतं आणि बिहार, उत्तर प्रदेशातून कंपनीत किंवा बांधकामावर आलेल्याचंही असतं. जूनमध्ये वर्गात बसलेलं मूल दिवाळीनंतर असेलच असं नाही. दिवाळीनंतर जे नवं येतं, ते आधी काय शिकून आलंय हे कुणालाच ठाऊक नसतं.

अशा शाळांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, मुलांच्या चाचण्या, वह्या आणि हजेरी समोर ठेवावी आणि पुढच्या महिन्यात कुणाला काय शिकवायचं ते मिळून ठरवावं, अशी ही सूचना आहे. ऐकायला साधी वाटते, पण तिच्यावरून शिक्षकांत खरोखरीचे मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. ते मतभेद मी खाली दोघांच्या तोंडी दिले आहेत. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतात. गुरुजी याच भागात नोकरी करून निवृत्त झालेले. ही दोघं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र शाळाशाळांतून ऐकू येणारेच आहेत. जागा समाधिमंदिराच्या आवारातली, वेळ शाळा सुटल्यानंतरची.

गुरुजी: बाई, तुम्ही म्हणताय ते मी नीट ऐकलं. पण शिक्षकाला आणखी एक माहिती गोळा करायला सांगू नका. सकाळी किती मुलं जेवणार ते कळवायचं, मग आधार जुळतंय का ते बघायचं, मग यू-डायसवर शाळेची माहिती भरायची. त्यात चाचणीचे गुण मुदतीत भरा म्हणून ग्रुपवर दिवसातून चारदा निरोप. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये असं स्पष्ट लिहिलंय. पण ही माहिती भरणं शैक्षणिक की अशैक्षणिक, याचा निवाडा कोण करणार? दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण मोबाइल घेऊन बसला की दुसऱ्याकडे चार इयत्ता.

बाई: यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. मीही तेच करते. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या, पायाभूत आणि दोन संकलित. भाषा, गणित, इंग्रजी. पेपर तपासले, गुण ऑनलाइन भरले. नंतर केव्हातरी शाळेची, केंद्राची टक्केवारी आली. त्या टक्केवारीचं मी वर्गात काय करू, हे मला कळलं नाही.

गुरुजी: मग झालं की! माझंही तेच म्हणणं आहे.

बाई: नाही गुरुजी, इथेच आपण वेगळे होतो. तुम्ही म्हणता माहिती नको. मी म्हणते, गुण वर गेले ते जाऊ देत, पण ज्या उत्तरपत्रिकांवरून ते काढले त्या माझ्याच कपाटात आहेत. त्या आम्ही पुन्हा उघडत नाही. एक उदाहरण सांगते. श्रुतलेखनात दोन मुलांनी ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ लिहिलं. दोघांचा अर्धा-अर्धा गुण गेला. तक्त्यात दोघं एका ओळीत, एका शेऱ्याखाली: ‘शुद्धलेखनाचा सराव आवश्यक’. आता यातला एक इथला, पिढ्यान्‌पिढ्या मावळातला. त्याच्या घरी आजी ‘पानी’च म्हणते, ‘कोन’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते. दुसरा उत्तर प्रदेशातला. त्याच्या हिंदीत ‘पानी’ हाच बरोबर शब्द आहे, त्याच्या आधीच्या पुस्तकात तो तसाच छापलेला होता.

गुरुजी: दोघांनाही ‘ण’ शिकवायचा. त्यात काय?

बाई: तेच करत होते. फळ्यावर ‘ण’चे शब्द, दहा वेळा लिहा. पण पहिल्याला ‘ण’ हे अक्षर ओळखता येतं, ‘बाण’ लिहिता येतो. त्याची बोली एक आणि पुस्तकातली भाषा दुसरी, एवढाच त्याचा प्रश्न. ‘आजी कशी म्हणते आणि पुस्तकात कसं आहे’ असे जोडशब्द त्याच्याकडूनच गोळा करून घेतले की तो वाटेला लागतो, आणि आजीचं बोलणं चुकीचं आहे असंही त्याला वाटत नाही. दुसऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला मराठीच नवी आहे. ‘पाणी’ निस्तरलं की उद्या ‘आहे’च्या जागी ‘है’ येणार, ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणार. त्याला आधी बोलायला, ऐकायला मराठी हवी, ‘ण’ नंतर. चूक एकच, गुणही सारखेच गेले, पण दोघांना शिकवायचं मात्र सर्वस्वी वेगळं. हे मला माझ्या एकटीच्या डोक्यातून सुचलं नाही. शेजारच्या शाळेतल्या बाईंच्या वर्गात हिंदी बोलणारी मुलं जास्त. त्यांनी माझी वही बघितली आणि लगेच म्हणाल्या, हा तुमचा मुलगा चुकत नाहीये, तो हिंदी लिहितोय.

गुरुजी: हे चांगलं सांगितलंत. पण अनुभवी शिक्षकाला एवढं कळतंच. मी हजेरी घेताना मुलाचा चेहरा बघून सांगायचो, आज घरून काही खाऊन आला नाही. त्यासाठी मला तक्ता लागला नाही.

बाई: लागला नसेल. पण आपल्याला जी मुलं कळतात ती कुठली असतात? हात वर करणारी आणि खोड्या काढणारी. मधल्या रांगेत गप्प बसून फळ्यावरचं सुबक उतरवून घेणारी मुलगी कळते का? तिची वही नेहमी पूर्ण असते. वाचायला उभी केली की कळतं, ती अक्षरं काढत होती, वाचत नव्हती.

इथे लेखक म्हणून मला बाईंच्या बाजूने थोडं बोललं पाहिजे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी देशभर सुरू केली. पद्धत अगदी साधी. घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते ऐकायचं. त्या एका कागदाने देशाला हादरवलं, कारण पाचवीत असलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्टही वाचता येत नव्हती. ही मुलं शाळेत रोज येत होती, त्यांच्या वह्या भरत होत्या, त्यांचे शिक्षक त्यांना नावाने ओळखत होते. शिक्षकाची नजर खोटी नव्हती, पण त्या नजरेला एकेका मुलाला वेगळं बसवून ऐकायची सवड नव्हती. आपल्याला वर्ग ठाऊक आहे आणि आपल्याला मूल ठाऊक आहे, या दोन गोष्टींत अंतर असतं. ते अंतर मोजल्याशिवाय दिसत नाही, हे मला पटलेलं आहे. गुरुजींना ते पटायला वेळ लागला, आणि तसा तो लागायलाच हवा, कारण त्यांनी मोजण्याची दुसरी बाजूही बघितलेली आहे.

गुरुजी: बरं, गणिताचं सांगा. तिथे बोलीचा प्रश्न नाही. उत्तर चूक की बरोबर, एवढंच.

बाई: तिथेही आहे. तिसरीच्या मुलांना संख्या सांगितल्या, अंकात लिहा म्हटलं. ‘बत्तीस’ म्हटलं की काही मुलं २३ लिहितात. चाचणीत हा प्रश्न बऱ्याच मुलांचा जातो आणि शेरा पडतो: ‘स्थानिक किंमत समजली नाही’. मग आम्ही दशक-एकक शिकवत बसतो, काड्यांचे गठ्ठे बांधतो. पण त्याच मुलाला तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या तर तो ३२ बिनचूक लिहितो. म्हणजे किंमत त्याला समजली आहे. अडचण ऐकण्यात आहे. मराठीत ‘बत्तीस’ म्हणताना आधी दोन ऐकू येतो, मग तीस. मूल ऐकलं तसं लिहितं.

गुरुजी: २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘तीस दोन’ असं घातलं ते यासाठीच. मंगला नारळीकर समितीच्या प्रमुख होत्या. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा!

बाई: हो. आणि गदारोळात कुणी वह्या बघितल्या नाहीत. त्या वादात दोन्हीकडून भाषेच्या अभिमानावर बोललं गेलं. मला विचाराल तर ‘बत्तीस’ राहायलाच हवा, पण कुठल्या मुलाला ‘तीस दोन’चा आधार किती दिवस लागेल, हे त्याच्या वहीतल्या चुका सांगतात. आणि ते एका वर्गात दिसत नाही. माझ्या वर्गात अशी चार मुलं असतील तर मला वाटतं चार मुलं कच्ची आहेत. चार शाळांच्या तिसरीच्या वह्या एकत्र ठेवल्या आणि सगळीकडे तेच २३, ७५ च्या जागी तेच ५७ दिसले, की मग कळतं, मुलं कच्ची नाहीत, आपली शिकवायची रीत इथे कमी पडते आहे. एकत्र बसण्याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हा. एकट्या शिक्षकाला जो मुलाचा दोष वाटतो, तो चौघांत बसल्यावर आपल्या शिकवण्यातला प्रश्न म्हणून समोर येतो.

गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो या सगळ्या चर्चेत मला सर्वांत गंभीर वाटतो.

गुरुजी: बाई, तुम्ही म्हणता त्या बैठका आमच्या वेळीही होत्या. केंद्रसंमेलन, आता त्याला शिक्षण परिषद म्हणतात. नव्वदच्या दशकात राज्यात ४,८६० केंद्रं झाली, प्रत्येकाला केंद्रप्रमुख. त्यामागची कल्पना त्याहून जुनी, कोठारी आयोगाची. १९६४ ते ६६ च्या त्या आयोगात सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं, शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं, असं त्यांनी मांडलं होतं. झालं काय? परिषदेत पहिला तास परिपत्रकं वाचण्यात, दुसरा तास प्रपत्रं भरून घेण्यात. मग नमुना पाठ, चहा, फोटो.

बाई: ते बदलायचं आहे.

गुरुजी: ऐका. मग २०१५ साल आलं. २२ जूनचा शासन निर्णय, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. त्यात चांगलं बरंच होतं. सातारा तालुक्यात कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन जे उभं केलं होतं ते बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते, मीही उत्साहात होतो. पण नंतर सुरू झालं, तुमची शाळा प्रगत कधी होणार? शेजारची झाली. तालुका झाला. एकदा का मुलाच्या गुणांवर शिक्षकाची अब्रू टांगली, की गुण खरे राहत नाहीत. चाचणीच्या वेळी थोडं सांगितलं जातं, शब्द खुणेने सुचवला जातो. वाईट माणसं करतात असं नाही, घाबरलेली माणसं करतात.

बाई: हे नाकारत नाही.

गुरुजी: आणि हे इथलंच आहे असंही समजू नका. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सत्तरच्या दशकात हेच लिहून ठेवलं होतं. एखाद्या आकड्यावर जेवढे मोठे निर्णय अवलंबून ठेवाल, तेवढा तो आकडा बिघडत जाईल आणि ज्या कामासाठी तो ठेवला ते कामही बिघडवेल. अमेरिकेत अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या. २०११ च्या चौकशीत १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, काहींना न्यायालयाने दोषी ठरवलं. तिथे माहितीची काही कमतरता होती का?

बाई: माहिती भरपूर होती, भरवसा नव्हता.

गुरुजी: आणि वर्णनात्मक नोंदी! २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी मनापासून आनंदलो होतो. मुलाबद्दल शब्दांत लिहायचं, गुणांपलीकडे बघायचं. दोन वर्षांत तयार नोंदींच्या याद्या फिरायला लागल्या. ‘स्वतःच्या शब्दांत गोष्ट सांगतो.’ ‘प्रयोगाची मांडणी अचूक करतो.’ इयत्तावार, विषयवार, उतरवून घ्या. सगळ्या राज्यातली मुलं एकाच वाक्यात स्वतःच्या शब्दांत गोष्ट सांगू लागली. शिक्षकाचा वेळ गेला आणि मुलाबद्दल एक अक्षरही कळलं नाही. म्हणून मला भीती वाटते, बाई. तुमची ही बैठकही कुणीतरी प्रपत्रात घालेल.

या भीतीला उत्तर म्हणून ‘सकारात्मक राहा’ असं म्हणणं हा गुरुजींवर अन्याय होईल. त्यांनी एकामागून एक चांगल्या कल्पनांचं प्रपत्र होताना बघितलं आहे. मला वाटतं, मुलांच्या माहितीवर शिक्षकांनी मिळून काम करायचं असेल तर पहिली अट हीच की त्या बैठकीतलं काहीही वर जाता कामा नये. वरच्यांना जे मोजायचं ते त्यांनी त्यांच्या चाचणीने मोजावं. शिक्षकांच्या टेबलावरची वही ही तपासणीची वस्तू झाली, की त्या क्षणी शिक्षक आपल्या वर्गातली सगळ्यात स्वच्छ वही घेऊन येईल, आणि ज्या वहीवर बोलायला हवं ती शाळेतच राहील. बाईंनी मांडलेलं बरंच मला मान्य आहे, पण या अटीशिवाय ते टिकणार नाही.

बाई: गुरुजी, मी तेच म्हणत होते. शाळेचं नाव नको, टक्केवारी नको, तुलना नको. फक्त मुलांचं काम टेबलावर. जपानमध्ये शिक्षक एकत्र येऊन एकच पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात मागे उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात आणि नंतर त्यावर बोलतात. बोलणं पाठावर असतं, शिकवणाऱ्यावर नसतं. आणि आपण तर सुदुंबऱ्यात बसलोय. संताजी महाराजांनी तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घेतले. त्याच वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास अस्सल गाथा छापली. ते लिहिणं खरं का उतरलं? कारण लिहिणारा समोर बसून ऐकत होता, आणि जे लिहायचं त्याच्यावर त्याचं प्रेम होतं.

गुरुजी: आणि त्यांना कुणी मुदत दिली नव्हती. ठीक आहे. समजा तुम्ही बसलात, वह्या बघितल्या. पुढे काय करणार?

बाई: गट करणार. इयत्तेचे नव्हे, वाचता येण्या-न येण्याचे. तिसरीतली आणि चौथीतली ज्या मुलांना अजून शब्द वाचता येत नाहीत, ती रोज एक तास एका शिक्षकाकडे. ज्यांना वाचता येतं ती दुसऱ्याकडे. हे नवं नाही. २००१ ते २००३ मध्ये मुंबईत आणि बडोद्यात ‘बालसखी’चा प्रयोग झाला. वस्तीतलीच एक तरुण मुलगी मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोनेक तास वेगळं शिकवायची. मुलं पुढे सरकली. त्यावर अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं.

गुरुजी: ते शिकवणाऱ्या बालसख्या होत्या. आपल्या शिक्षकांनी केलं तेव्हा काय झालं?

बाई: तेही खरं सांगते. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, पण शाळेच्या नेहमीच्या दिवसात काही फरक पडला नाही. त्याच बिहारमध्ये, सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरात तेच केलं तर मुलं वाचायला लागली. मग हरियाणात दिवसातला एक तास त्यासाठीच राखून ठेवला. तिथे वाचनात सुधारणा दिसली, गणितात दिसली नाही.

गुरुजी: म्हणजे शिक्षक बिहारचेच, शिबिरात जमलं आणि शाळेत जमलं नाही. शाळेत त्यांना अभ्यासक्रम पुरा करायचा होता. वेळ मोकळा ठेवल्याशिवाय तुमची सगळी माहिती कागदावरच राहते. हा तास तुम्हाला कोण देणार?

बाई: परिपाठ आणि पहिली तासिका यांच्यातून काढू.

गुरुजी: काढाल. पण आता माझा दुसरा प्रश्न. हे गट केलेत की मुलाच्या कपाळावर काय लिहिलं जातं, ते मी बघितलंय. कागदोपत्री ‘अप्रगत’ म्हणायचे. मुलांसमोर म्हणायचं नाही असं ठरलेलं होतं. पण मुलांना कळायचं. शब्दांच्या गटात बसलेला चौथीतला मुलगा आणि त्याच गटात त्याची तिसरीतली बहीण. घरी जाऊन ती सांगते, दादा माझ्या गटात आहे. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येत नाही. तुमच्या नोंदीत त्याचं वाचन ‘शब्दस्तर’ आणि हजेरी कमी. हजेरी का कमी, हे कुठल्या रकान्यात आहे?

बाई: गट दर दोन आठवड्यांनी बदलायचे. आणि वाचनाचा गट वेगळा, गणिताचा वेगळा. वाचनात मागे असलेला पोरगा बाजाराचा हिशेब झटक्यात करतो, तिथे तो पुढच्या गटात.

गुरुजी: कागदावर बदलतात. मुलांच्या मनात पहिल्या दिवशीचा गट राहतो.

याचं पुरं उत्तर बाईंकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. गट बदलते ठेवणं, मोठ्या मुलाला लहानांना गोष्ट वाचून दाखवायचं काम देणं, ज्याची बहीण खालच्या इयत्तेत आहे त्याला तिच्यासमोर न बसवणं, हे सगळं करता येतं. पण ते करायचं तर शिक्षकाला त्या घराची माहिती हवी, आणि ती कुठल्याही चाचणीतून येत नाही. तिथे गुरुजींची जुनी रीतच कामाला येते: वस्तीवर जाणं, आईशी बोलणं, चेहरा बघणं. चाचणीने सांगावं की हा मुलगा वाचत नाही, आणि वस्तीवर गेलेल्याने सांगावं की का वाचत नाही. या दोन गोष्टी एकाच टेबलावर आल्या तरच ठरवता येतं. गुरुजींसारख्या माणसाला त्या बैठकीत खुर्ची हवी, ती याचसाठी.

बाई: गुरुजी, मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट वेगळीच आहे. जी मुलं निघून जातात त्यांची. जानेवारीत बांधकाम संपतं, कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं. मी शाळा सोडल्याचा दाखला देते. त्यात काय असतं? नाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण. मग दोन रकाने. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. सहा महिने मी त्या मुलीबरोबर काढले. ती मराठीतलं काय वाचते, कुठे अडते, सगळं मला ठाऊक असतं, आणि पुढच्या बाईंपर्यंत जातं ते ‘चांगली’. तिथे पुन्हा अक्षरओळखीपासून सुरुवात.

गुरुजी: पुष्कळदा तर दाखला न घेताच जातात. रात्रीत ट्रक भरतो.

बाई: म्हणून मला वाटतं, मूल आलं की पंधरा दिवसांत एक चिठ्ठी लिहून ठेवायची आणि दर महिन्याला ती बदलायची. गेलं तर दाखल्याबरोबर, नाहीतर आईच्या हातात, मुलाच्या दप्तरात. या पट्ट्यातल्या शाळांनी एवढं ठरवलं, तरी चाकणहून तळेगावला गेलेलं मूल नव्याने सुरुवात करणार नाही.

गुरुजी: चिठ्ठीत काय लिहाल?

बाई: वाचन कुठपर्यंत. बेरीज-वजाबाकी कुठपर्यंत. घरची भाषा.

गुरुजी: एवढंच नको. लिहा, ‘हातच्याची वजाबाकी करताना मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, ५२ मधून २७ गेले तर ३५ लिहितो. सुट्या पैशांनी समजावलं की कळतं.’ लिहा, ‘वर्गासमोर उभं करून वाचायला सांगू नका, आधी एकट्याला ऐका.’ लिहा, ‘धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहावं लागतं, भावाला अंगणवाडीत घातलं तर येईल.’ पुढच्या शिक्षकाला हे लागेल. ‘शब्दस्तर’ वाचून तो काय करेल?

बाई: अशी चिठ्ठी लिहायला माझे तीस मुलांमागे दोन दिवस जातील.

गुरुजी: सगळ्या तिसांची कशाला? जी जाण्याची शक्यता आहे, त्यांची. तुम्हाला ठाऊक असतात ती कुठली. पण छापील नमुना करू नका. वर्षभरात त्याचं परिपत्रक निघेल आणि त्यात सगळे ‘चांगली’ लिहायला लागतील.

बाई: नमुना नाही केला तर निम्मे शिक्षक लिहिणारच नाहीत.

गुरुजी: नाही लिहिणार. जे लिहितील त्यांचं खरं असेल.

बाई: आणि ज्या मुलाच्या शिक्षकाने लिहिली नाही, त्याचं काय? गुरुजी, मला हे चालणार नाही. चार ओळी सगळ्यांना सक्तीच्या, खालची जागा मोकळी. मोकळ्या जागेत ज्याला जे लिहायचं ते.

गुरुजी: चार ओळी सक्तीच्या झाल्या की मोकळी जागा मोकळीच राहील.

बाई: राहू दे. चार ओळींनीही पुढच्या बाईंचा एक महिना वाचेल.

यावर दोघांचं एकमत झालं नाही. मी स्वतः बाईंच्या चार ओळींच्या बाजूचा आहे, कारण शिक्षण हक्क म्हणजे ज्याला उत्साही शिक्षक मिळाला त्याचाच हक्क असं होऊ नये.

गुरुजी: पहिल्या बैठकीला काय घेणार?

बाई: एकच गोष्ट. तिसरीची हातच्याची वजाबाकी. आसपासच्या चार शाळा, प्रत्येकीने पाच वह्या आणायच्या, पैकी तीन चुकलेल्या. चुकांचे ढीग करायचे, कुठल्या ढिगाला काय शिकवायचं ते ठरवायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच मुलांच्या वह्या. तुम्ही या. तुम्ही वजाबाकी कशी शिकवायचात ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

गुरुजी: येईन. पण फोटो काढून ग्रुपवर टाकणार असाल तर येणार नाही.

बाई: फोटो नाही, हजेरीपत्रकही नाही. पण कुठल्या चुका दिसल्या आणि काय करायचं ठरलं, तेवढं एका वहीत लिहावं लागेल, नाहीतर पुढच्या महिन्यात आपण पुन्हा पहिल्यापासून बोलत बसू.

गुरुजी: ते लिहा. आणि ती वही केंद्रात जमा करू नका, शाळेतच ठेवा.